दगडी शिंगांचा कळप

बजाजनगरातल्या त्या रो-हाऊसमध्ये माणसं तीन राहत होती आणि दगड अडीचशेच्या वर. माणसांची अडचण झाली तर चालायचं. दगडांची आबाळ झालेली सोनाजीला खपत नसे. दिवाणाच्या पोटात दगड, माळ्यावर दगड, फ्रिजच्या डोक्यावर दगड, आणि जिन्याखाली इतरांच्या घरी गव्हाच्या कोठ्या असतात तिथं तेलाच्या रिकाम्या डब्यांत, जुन्या लुंग्यांच्या फडक्यांत गुंडाळलेले दगडच. लोकांची माणसं परगावाहून पेढे आणतात, आमच्याकडं धोंडे येतात, असं सोनाजीची बायको बानाबाई आल्यागेल्याला ऐकवायची. ऐकवायची आणि मग स्वतःच फडकं घेऊन त्या धोंड्यांवरची धूळ पुसायची. दुसऱ्या कुणी त्यांना नावं ठेवलेली मात्र तिला चालत नसत.

सोनाजीनं उभा जन्म ट्रकच्या चाकामागं काढला. त्याचा बाप मेंढरं राखायचा, गंगापूरकडच्या माळावर. वाळूजला कारखाने आले तसा पोरगा काठी टाकून गाडीवर बसला. वाळूजचा माल घेऊन तो कच्छला जायचा, जैसलमेरला जायचा, खाली तमिळनाडूत अरियलूरच्या सिमेंटच्या खाणींपर्यंत जायचा, आणि परतीचं भाडं मिळेस्तोवर रिकामा पडायचा. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात पत्ते कुटायचे नाहीतर घोरायचे. सोनाजी ओढ्यानाल्यांनी हिंडायचा. धनगराचं पोर, त्याला एका जागी बसवतंय कशाला?

असंच एकदा कच्छच्या एका नाल्यात त्याला एडक्याचं शिंग सापडलं. वेटोळ्यावर वेटोळं, वर आडव्या वळ्या, अगदी बापाच्या कळपातल्या म्हाताऱ्या एडक्याचं असावं तस्सं, फक्त दगडाचं. ते घेऊन तो धाब्यावर आला, तर तिथं चहा पीत बसलेल्या कुणा शिकलेल्या माणसानं सांगितलं की हा मेंढा नव्हे, समुद्रातला जीव आहे. याला अमोनाईट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्याच्या तळाशी हा मेला, चिखलात रुतला आणि चिखलाबरोबर त्याचाही दगड झाला. सोनाजीला आधी ती थाप वाटली. मग कधीतरी पटली, आणि पटली ती कायमची. आपल्या मुलखात मात्र सगळा काळा पाषाण, आगीच्या रसाचा. त्यात समुद्रातला जीव कुठून असणार? म्हणून जे इथं नाही ते आपण इथं न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. पुढं प्रत्येक खेपेला केबिनमधल्या गादीखाली एखाददुसरं शिंग घरी येऊ लागलं.

त्यांची एकुलती एक लेक प्रांजली हे बघतच मोठी झाली, शहरातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकली आणि माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. तिनंच आपल्या जुन्या मॅडमना, मोनिका मॅडमना, घरी आणलं. मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. फरशीवर मांडी घालून त्यांनी एकेक डबा उघडला, आणि बानाबाईनं ठेवलेला चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या की कॉलेजला हा संग्रह हवा आहे. काचेचं एक अख्खं कपाट देऊ, वर सोनाजींचं नाव लावू. फक्त प्रत्येक दगड कुठं सापडला तेवढं सांगा; तुम्ही नोंद ठेवली असेलच.

नोंद कसली? सोनाजीला प्रश्नच मजेशीर वाटला. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, एकेकीला तोंडावरून ओळखलं. ही अमकीची लेक, ही तमक्या पाणवठ्यावर व्यालेली, असं अंधारात हात लावूनही तो सांगायचा. "मेंढराच्या गळ्यात कुणी चिठ्ठी बांधतंय का, मॅडम? इच्यारा कोणतंबी. तोंडपाठ हाय." मॅडमनी दोनचार विचारले, सोनाजीनं घडाघडा सांगितलं. मॅडम खूश झाल्या. मग जाताना, चपला घालता घालता, त्यांनी एक गोष्ट सांगितली. दगडाच्या रंगावरून मुलूख कळतो, पण कुठला नाला ते ज्यानं उचलला तोच सांगू शकतो. आणि त्यावरून लोक जुन्या समुद्राचा नकाशा मांडतात. "म्हणून एखादं आठवलं नाही तर सोडून द्या, काका. चुकीचं ठिकाण लिहिण्यापेक्षा कोरी चिठ्ठी बरी. एक चिठ्ठी खोटी निघाली की बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही." न्यायला त्या पुढच्या महिन्यात एका रविवारी येणार होत्या.

त्या दिवसापासून घराला संध्याकाळी जत्रेची कळा आली. प्रांजली नोकरीवरून आली की हातपाय धुऊन चिठ्ठ्या घेऊन बसायची. सोनाजी दगड हातात घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, आणि चिठ्ठीवर एक ओळ पुरली असती तिथं अख्खी हकिकत सांगायचा: कुठला धाबा, कुठला नाला, टायर कुठं बसला, कुत्रं कुठं मागं लागलं. बानाबाई समोर मेथी निवडत बसायची. इतक्या वर्षांत नवरा वाटेवर काय काय करत होता हे तिला आत्ता कळत होतं. निम्मं आधी कळलं असतं तर तिनं गाडीच सोडायला लावली असती.

पण बानाबाईनं एक गोष्ट ओळखली होती, आणि तिची वाच्यता तिनं कुणाकडं केली नव्हती. गेलं वर्षभर सोनाजीचं काहीतरी सांडत होतं. गॅसवर चहा ठेवून तो दुकानाला निघून जायचा. छावणीच्या बाजारात स्कूटर घेऊन गेला आणि रिक्षानं परत आला. स्कूटर तिथंच उभी, आणि विचारलं तर म्हणाला, जाताना रिक्षानंच गेलो होतो. सख्ख्या मेहुण्याला एका लग्नात त्यानं ‘पाव्हणं कुठलं?’ म्हणून विचारलं होतं. बानाबाईनं तेव्हा हसण्यावारी नेलं, मेहुण्यालाही थट्टा वाटली. वय झालं की व्हायचंच, असं ती स्वतःला समजवायची. दवाखान्याचं नाव काढलं की सोनाजी उखडायचा.

पहिले काही डबे सुरळीत गेले. पुढं पुढं तिला दिसू लागलं की दगड हातात घेतल्यावर तो थांबतो. नुसता आठवायला थांबल्यासारखा नव्हे. परक्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा थांबतो. मग डोळे बारीक करून एक नाव ठोकून देतो, आणि हकिकत तर आधीपेक्षाही रंगवून सांगतो. प्रांजलीची मान चिठ्ठीत. तिला बापाच्या जिभेवर विश्वास होता, आणि का नसावा?

मग तो दगड आला. तळहातावर मावेल न मावेल एवढा, सोनेरी तपकिरी, एका बाजूला काळा पडलेला. बानाबाईच्या हातातली मेथी हातातच राहिली. सोनाजीनं तो फिरवला, परत फिरवला, काळ्या डागावर अंगठा घासला.

"जैसलमेर," तो म्हणाला. "लिव्ह. जैसलमेरच्या पुढं, वाळवंटात. ह्यो काळा डाग हाय ना, ह्यो उन्हानं पडलाय. एक उंटवाला व्हता संगं..."

आणि उंटवाल्याची लांबलचक हकिकत निघाली. प्रांजली हसत हसत लिहीत होती. बानाबाई उठून आत गेली आणि नळ सोडून मोरीत उभी राहिली.

तो डाग उन्हाचा नव्हता. तो तिच्या चुलीचा होता. तो दगड तिनं उचलला होता. गाडीवर ती उभ्या जन्मात एकदाच गेली. प्रांजली तेव्हा लहान होती. तिला मावशीकडं पैठणला ठेवलं होतं. क्लीनर ऐनवेळी आजारी पडला आणि सोनाजी म्हणाला, चल, तुला कच्छ दाखवतो. भाऊबंदांनी नावं ठेवली. बाईमाणूस ट्रकमध्ये बसून कुठं जातं? पण ती गेली. नखत्राण्याच्या अलीकडं एका नाल्याकाठी गाडी लावली होती, स्टोव्हचं रॉकेल संपलं होतं, तिनं चुलीला तीन दगड शोधून आणले आणि भाकरी टाकली. भाकरी फुगता फुगता सोनाजीचं लक्ष गेलं. त्यानं हातानंच तो दगड जाळातून ओढला, बोटं भाजून घेतली आणि वेड्यासारखा हसत सुटला. दुसऱ्या दिवशी तो तिला मांडवीला घेऊन गेला, समुद्रावर. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्या चार दिवसांवर बानाबाईनं पुढची सगळी वर्षं काढली होती. एकटी बसली की ती ते दिवस काढून बघायची, ठेवणीतल्या लुगड्यासारखे. आणि ज्याच्याबरोबर ते काढले तो बाहेर बसून उंटवाल्याची गोष्ट सांगत होता. तिला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

रात्रभर तिनं कूस बदलली. लेकीला सांगावं तर बापाची लेकीपुढं शोभा होईल. ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान आहे तीच गेली म्हणून सांगायचं. न सांगावं तर खोट्या चिठ्ठ्या त्याच्या नावानं कॉलेजात जाऊन बसतील, आणि एक खोटी निघाली की खऱ्याही मातीत. त्याला एकट्याला गाठून तुम्ही विसरलात म्हणावं, तर तो घर डोक्यावर घेईल आणि वर त्यालाच ते खरं वाटेल की उंटवाला होता. पुढचे काही दिवस ती तोंडात मूग धरून वावरली. चिठ्ठ्या वाढत होत्या. त्यातल्या कुठल्या खऱ्या आणि कुठल्या नाहीत हे आता एकटा सोनाजीच सांगू शकत होता, तेही त्याचं त्याला सांगावंसं वाटलं तर.

मॅडम येणार त्या रविवारी सकाळी बानाबाईनं देवपूजा केली. शहराजवळच्या सातारा गावातल्या खंडोबाचा भंडारा डबीतून ताटात काढला, आणि काढता काढताच तिला सासऱ्याची आठवण झाली. पाणवठ्यावर दोन घरांचे कळप मिसळायचे. निवडून घेताना एखाद्या मेंढीवरून वाद पडला की म्हातारी माणसं मध्ये भंडाऱ्याचं ताट ठेवायची. माझी म्हणणाऱ्यानं चिमूट उचलायची, खंडोबाचं नाव घ्यायचं, आणि मग ‘माझी’ म्हणायचं. भंडारा उचलून खोटं बोललेलं कुणी तिच्या ऐकण्यात नव्हतं. ताट पुढं आल्यावर ‘नाय, माझी नसंल’ म्हणून मागं सरलेले मात्र तिनं स्वतः पाहिले होते. त्यांना कुणी हसत नसे. मेंढरं सारखीच दिसतात, माणूस चुकायचाच, असं म्हणून चिलीम पुढं करायचे.

सोनाजी चिठ्ठ्या चिकटवलेले दगड बाहेरच्या खोलीत रांगेनं मांडत होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा. बानाबाईनं ताट नेऊन त्याच्या गुडघ्याजवळ ठेवलं.

"हे कशाला?" तो म्हणाला.

"कळप दुसऱ्याच्या दावणीला चाललाय. तुमचे दादा असते तर असाच धाडला असता का?"

सोनाजीनं ताटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याच्या कपाळाची शीर उडाली आणि बानाबाईला वाटलं, आता ताट भिरकावतो. तो उठला, दार ढकलून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रस्त्यावर शिफ्ट सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली चालल्या होत्या. त्यांच्याकडं बघत बसला. बानाबाई त्याच्यामागं गेली नाही. तिनं भाजी फोडणीला टाकली, कणीक मळली, आणि कान दाराकडं ठेवले. बऱ्याच वेळानं दार वाजलं.

तो आत आला, मांडी घालून बसला, भंडाऱ्याला हात लावून कपाळाला नेला. पहिला दगड उचलला. दुसऱ्या हाताच्या चिमटीत भंडारा. ओठ हलले, आणि दगड त्यानं डावीकडं ठेवला. दुसरा डावीकडं. तिसरा हातात घेऊन तो बसून राहिला. चिमूट भरली, परत ताटात सोडली. मग नखानं चिठ्ठी खरवडून काढली आणि तो दगड उजवीकडं ठेवला. घाई नाही, कुरकूर नाही. मेंढरं फाटकातून एकेक सोडावीत तसा तो दगड सोडत होता. डावीकडचा ढीग मोठा होता हे पाहून बानाबाईचा जीव भांड्यात पडला, पण उजवीकडचाही लहान नव्हता. तिला वाटलं होतं त्याहून तो मोठा झाला.

प्रांजली केस पुसत बाहेर आली आणि थबकली. इतक्या संध्याकाळींचं काम बाप नखानं खरवडत होता. ती काही बोलणार तोच बानाबाईनं मान हलवली. प्रांजली हुशार, ती खाली बसली, नुसती बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला.

सोनेरी दगड आला. सोनाजीनं काळ्या डागावर अंगठा ठेवला. चिमूट भरली. त्याचा हात हवेत थांबला, आणि ताटात पिवळी धूळ परत पडली. जैसलमेरची चिठ्ठी त्यानं काढून टाकली, दगड उजवीकडं ठेवला, आणि तिथंच हात टेकून लेकीकडं न बघता म्हणाला,

"मी इसरायलो, बाळा. लई दिस झाले. जोडून जोडून सांगत व्हतो."

प्रांजलीनं त्याचा भंडारा लागलेला हात आपल्या हातात घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती एवढंच म्हणाली की आबा, आपण उद्या डॉक्टरांकडं जाऊ. आणि दवाखान्याच्या नावानं उखडणारा सोनाजी बरं म्हणाला.

बानाबाई पुढं सरकली. तिनं उजव्या ढिगातून सोनेरी दगड उचलला, चिमूटभर भंडारा घेतला. बाईनं भंडारा उचललेला तिनं कधी पाहिला नव्हता. पण उचलू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं.

"येळकोट येळकोट," ती म्हणाली, "ह्यो कच्छचा. नखत्राण्याच्या अलीकडं नाला हाय, तिथला. म्या चुलीला दगड हुडकत व्हते, तवा घावला. काळं झालंय ते माझ्या चुलीनं."

सोनाजी तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर नवल होतं, निखळ, लहान पोराच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"तू कच्छला आलती?"

"आलते की."

"मी व्हतो का संगं?"

एवढा वेळ बानाबाईनं स्वतःला आवरलं होतं. आता तिला रडू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदरातूनच म्हणाली, "तुमीच नेलतं. त्यो जाळातून काढताना तुमचीच बोटं पोळली."

सोनाजीनं आपली बोटं उलटीसुलटी करून पाहिली. तिथं काही दिसत नव्हतं. "तू भंडारा उचलला म्हंजी खरंच असणार," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, आपण समुद्र बघितला का, आणि ती म्हणाली, बघितला, मांडवीचा. मी इच्यारलं पलीकडचा काठ कुठं हाय, तवा तुमी हसून हसून वाळूत बसलात. हे ऐकून तो आत्ताही हसला. प्रांजलीनं कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: कच्छ, नखत्राण्याच्या अलीकडचा नाला. सापडला: बानाबाई यांना.

अकराच्या सुमाराला मोनिका मॅडम गाडी घेऊन आल्या. सोनाजीनं त्यांना दोन्ही ढीग दाखवले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं की डावीकडच्यांची जबाबदारी माझी, उजवीकडच्यांचं मला आठवत नाही. मॅडमनी लगेच खोकी उघडली. डावीकडचे खोक्यांत भरले, उजवीकडच्यांसाठी वेगळं खोकं केलं, त्यावर ‘ठिकाण माहीत नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि तेही घेऊन गेल्या. गाडी वळली तरी सोनाजी हात वर करून उभा होता. बाजाराला मेंढरं धाडली की सासराही असाच उभा राहायचा, हे बानाबाईला तेव्हा दिसलं, आणि तिनं त्याला ऊन लागतंय म्हणून आत बोलावलं.

घर रिकामं झालं. फ्रिजच्या डोक्यावर, दिवाणात, जिन्याखाली जागाच जागा. इतकी वर्षं याच जागेसाठी ती भांडत आली होती, आणि आता तिकडं बघवत नव्हतं. जेवणं झाली, प्रांजली डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन लावत बसली. दुपार कलल्यावर दोघं ओट्यावर सावलीला आली. बानाबाईनं शेंगांची परात मांडीवर घेतली. सोनाजीनं एक शेंग उचलून फोडली.

"का गं," तो म्हणाला, "आपुन दोघं समुद्र बघायला कधी गेलोच नाय ना?"

बानाबाईचा हात शेंगेवर थांबला. तिनं त्याच्याकडं पाहिलं; तो खरंच विचारत होता. तिनं परात बाजूला सारली, त्याच्याकडं तोंड करून बसली, आणि वाळूजहून गाडी निघाली तिथपासून सांगायला घेतलं.